निळा, हिरवा आणि न दिसलेला क्लोरीन

क्रिस्टल स्ट्रक्चर मिळालं की विषय संपला, असं आमच्या क्षेत्रात जवळजवळ सगळेच मानतात. एनएमआरचे तीन परिच्छेद वाचून भुवया उंचावणारा परीक्षकसुद्धा अणूंचं ते सुबक चित्र पाहिलं की गप्प होतो. म्हणून आज तुमच्यासमोर एक जुना लेख ठेवतोय. जेरार्ड पार्किन यांचा, १९९२ साली ‘अकाउंट्स ऑफ केमिकल रिसर्च’मध्ये आलेला. त्याचं शीर्षक म्हणजे सरळ एक प्रश्नच आहे: बॉन्ड-स्ट्रेच आयसोमर खरोखर असतात का? धातूंच्या संयुगांवर पीएचडी करणाऱ्यानं तो पहिल्याच वर्षी वाचावा असं मला वाटतं. मात्र त्याच्याबद्दल माझी एक तक्रारही आहे, ती पुढे येईलच.

आधी पार्श्वभूमी. आयसोमर म्हणजे समघटक हे तुम्हाला बारावीपासून माहीत आहे: अणू तेच, जोडणी किंवा मांडणी वेगळी. १९७१ मध्ये इंग्लंडमधले जोसेफ चॅट आणि त्यांच्याबरोबर काम करणारे स्फटिकतज्ज्ञ मनोयलोविच-म्यूर व म्यूर यांनी एक विलक्षण गोष्ट मांडली. मॉलिब्डेनमला एक ऑक्सिजन, दोन क्लोरीन आणि तीन फॉस्फिन जोडलेली संयुगं त्यांच्याकडे होती, काही निळी, काही हिरवी. जोडणी तीच, मांडणीही तीच. फरक एवढाच की निळ्यात मॉलिब्डेनम-ऑक्सिजन बंध साधारण १.६८ अँगस्ट्रॉमचा आणि हिरव्यात साधारण १.८० चा. म्हणजे एकाच रेणूची दोन रूपं, एकात बंध आखूड आणि दुसऱ्यात ताणलेला. याला त्यांनी ‘डिस्टॉर्शनल आयसोमर’ म्हटलं. ‘बॉन्ड-स्ट्रेच’ हे नाव रोआल्ड हॉफमन यांच्या सैद्धांतिक कामातून आलं, आणि १९८८ मध्ये हॉफमन व सहकाऱ्यांनी धातूंच्या संयुगांत असं का होऊ शकेल याचं ऑर्बिटलच्या भाषेत स्पष्टीकरणही दिलं. प्रयोग होता, सिद्धान्त होता. आणखी काय हवं?

०.१२ अँगस्ट्रॉम म्हणजे काय, तर बंधाच्या मोजमापातली त्रुटी साधारण ०.०१ च्या आसपास असताना हा फरक दहापटीहून मोठा आहे. तेव्हा मोजण्यातली चूक म्हणून तो झटकता येत नव्हता. पार्किन यांच्या लेखातला खरा मुद्दा इथेच आहे. मोजमाप चुकलं नव्हतं, मोजलं काय जातंय हे चुकलं होतं.

आता जरा तपशिलात जाऊ, कारण गंमत त्यातच आहे. क्ष-किरणांना अणू दिसत नाहीत, इलेक्ट्रॉनांची दाटी दिसते. आणि तीही एका रेणूची नाही, तर स्फटिकातल्या अब्जावधी रेणूंची सरासरी. ‘इथे ऑक्सिजन आहे’ हे यंत्र सांगत नाही, आपण सांगतो. मग संगणक आपल्या सांगण्याला जुळवून घेत त्या अणूची सर्वांत योग्य जागा शोधतो. समजा, त्या जागी दर शंभर रेणूंपैकी आठांत ऑक्सिजनऐवजी क्लोरीन बसला आहे. मॉलिब्डेनम-क्लोरीन बंध असतो साधारण २.४५ अँगस्ट्रॉमचा, आणि क्लोरीनचे इलेक्ट्रॉन १७, ऑक्सिजनचे फक्त ८. ढोबळ गणित करून बघा: ९२ टक्के ऑक्सिजनचे ७.३६ इलेक्ट्रॉन १.६८ वर, आठ टक्के क्लोरीनचे १.३६ इलेक्ट्रॉन २.४५ वर. या दाटीचा मध्य येतो १.८० वर. प्रत्यक्षातलं रिफाइनमेंट इतकं सरळ नसतं, पण दिशा आणि आकार कळायला एवढं पुरे. बंध ताणला गेलेलाच नाही. शेजारी लपलेल्या थोड्याशा क्लोरीननं ऑक्सिजनचं टोक स्वतःकडे ओढून घेतलं.

पण असे परके रेणू स्फटिकात बसतात तरी कसे? अगदी आरामात. रेणूचा बहुतेक आकार तीन अवजड फॉस्फिन ठरवतात, स्फटिकातली रचनाही तेच ठरवतात. एका कोपऱ्यात ऑक्सिजन आहे की क्लोरीन, यानं शेजाऱ्यांना फारसा फरक पडत नाही. आणि तीन क्लोरीन असलेलं ते संयुग असतं पिवळं. निळ्यात पिवळं मिसळलं की काय होतं हे चित्रकलेच्या तासाला बसलेल्या कुठल्याही पोराला विचारा. वीस वर्षं हिरवा रंग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता!

पार्किन यांनी हे नुसतं सुचवलं असतं तर तो एक हुशार तर्क ठरला असता. त्यांच्या गटानं निळं आणि पिवळं मुद्दाम एकत्र स्फटिकात आणलं, वेगवेगळ्या प्रमाणात. प्रमाण बदललं तसा बंधाचा ‘दिसणारा’ आकडा सरकत गेला. हवा तेवढा लांब बंध मिळू लागला म्हटल्यावर दोन आयसोमरांची गोष्ट उरतेच कुठे? शिवाय एनएमआरमध्ये पिवळ्या संयुगाच्या खुणाही सापडल्या. ते संयुग पॅरामॅग्नेटिक, त्यामुळे त्याचे सिग्नल नेहमीच्या पट्ट्याबाहेर जाऊन बसतात. आपण नेहमीचाच पट्टा बघत राहिलो तर ते दिसणारच नाहीत. लेखाचा हा भाग मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा तितकाच आवडला.

आता तक्रार. शीर्षकातला प्रश्न पुराव्यापेक्षा मोठा आहे. हिरवं संयुग हे मिश्रण होतं, हे पूर्ण पटतं. पण त्यावरून असे आयसोमर कुठेच नसतात असं सिद्ध होत नाही, आणि वाचताना मात्र सूर तसा लागत जातो. बंधाच्या लांबीला दोन स्थिर जागा असू शकतात का, हा प्रश्न स्फटिकांच्या फेरतपासणीनं सुटणारा नाही. दुसरं म्हणजे, सिद्धान्त मांडणाऱ्यांवर लेख जरा सौम्य आहे. निरीक्षण पक्कं आहे असं धरून स्पष्टीकरण रचलं गेलं, आणि स्पष्टीकरण आहे म्हणून निरीक्षण आणखी पक्कं वाटू लागलं. या चक्रावर निदान एक पान तरी हवं होतं. तेही पार्किन यांनीच लिहायला हवं होतं, कारण तो अधिकार त्यांनी कमावला होता.

‘हे तेव्हाचं झालं, आता सॉफ्टवेअर आहे,’ असं तुम्ही म्हणाल. अर्धं खरं आहे. आज फाइल चेकसिफमधून गेल्याशिवाय बहुतेक नियतकालिकं स्ट्रक्चर घेत नाहीत. बंधाच्या दिशेनं दोन अणूंची थरथर जुळत नसेल तर हिर्शफेल्ड टेस्टचा इशारा येतो, आणि लपलेला क्लोरीन नेमका त्याच दिशेनं ऑक्सिजनचा एलिप्सॉइड लांबवतो. पण इशारा येणं वेगळं आणि तो वाचणं वेगळं. २०१० मध्ये ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ई’नं किमान ७० स्ट्रक्चर्स बनावट असल्याचं जाहीर केलं. त्यांत एकाच खऱ्या डेटावर धातू किंवा इतर अणू बदलून नवी संयुगं दाखवली होती. चॅट यांचं काम प्रामाणिक होतं, हे साफ लबाडीचं. तरी दोन्ही ठिकाणी भगदाड एकच: कुठल्या जागी कुठला अणू, हे माणूस ठरवतो. केंब्रिजच्या डेटाबेसमध्ये २०१९ मध्येच दहा लाख स्ट्रक्चर्स झाली. त्यांतल्या कितींचं उरलेलं चूर्ण कुणी तपासलं असेल?

माझ्या प्रबंधापुरतं मी ठरवलंय की प्रत्येक स्ट्रक्चरशेजारी त्याच बॅचचं सीएचएन विश्लेषण आणि पावडर पॅटर्न द्यायचा. प्रयोगशाळेत यावर मतभेद आहेत. एक सुंदर स्फटिक मिळाला असताना बाटलीतल्या उरलेल्या मालावर वेळ कशाला घालवायचा, असं काहींचं म्हणणं. माझं म्हणणं, पेपरात गुणधर्म आपण बाटलीतल्या मालाचे देतो, त्या एका स्फटिकाचे नाही.

लेख वाचणार असाल तर सुरुवातीचं सर्वेक्षण नंतरसाठी ठेवा आणि मुद्दाम मिश्र स्फटिक बनवल्याचा भाग आधी काढा. मग तुमच्याच एखाद्या फाइलमधला सगळ्यात लांबट एलिप्सॉइड शोधून काढा आणि तो कुठल्या दिशेनं लांबलाय ते बघा.