लाल, पांढरी आणि ताक

कथा, कविता, कादंबरी या सगळ्यांची समीक्षा होते. पण बाटलीच्या पाठीवर जे वाङ्मय छापतात, तिकडे आमच्या समीक्षकांचं लक्ष गेलेलं नाही. ते काम बँकेतल्या एका कारकुनावर आलं आहे.

झालं असं की धुळवडीला आम्ही सगळे भोंगवलीला जमलो होतो. धुळवडीला मटण शिजतं, हे बघायला कुणी पंचांग उघडत नाही. पुण्याहून पुतण्या आला तो नाशिकची लाल वाईन घेऊन. "काका, मटणाला लाल, माशाला पांढरी. नियमच आहे!"

मी बाटली फिरवून पाठ वाचली. 'मऊ टॅनिन' असलेली ही वाईन भाजलेल्या मांसाबरोबर सुरेख जाते म्हणे. टॅनिन म्हणजे काय, तर जांभळं खाल्ल्यावर किंवा चहा फार उकळल्यावर जीभ आवळते ना, तेच. चरबीच्या मांसाला ते मानवतं. पण वहिनींच्या काळ्या मसाल्याचं खातं वेगळं. त्या तिखटावर टॅनिन आणि १३ टक्के अल्कोहोल पडलं की आग विझत नाही, चक्रवाढ दराने वाढते. पहिल्याच घोटाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींना वाटलं, रस्सा आवडला.

साहेबाच्या नाताळात हॅम असतं, म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची मांडी. त्यालासुद्धा जाणकार हलकी, जराशी गोडसर पांढरी सुचवतात. खारटाला गोड, तोच न्याय तिखटाला. नाशिकचीच गोडसर शेनिन ब्लाँ गार करून आणली असती, तर रश्शाशी एवढी भांडली नसती. थोडक्यात, बघायचा तो मसाला, रंग नव्हे. पाठीवरच्या मजकुरातली ही पहिली चूक.

दुसरी मोठी. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा वाईन म्हणजे दारू की नव्हे यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. आमच्या आईने तो वाद एका वाक्यात मिटवला. तिचा थोरला भाऊ दारूपायी गेला. ओसरीवरची बाटली बघून ती म्हणाली, "द्राक्षाची असंल नाहीतर उसाची, बाटली ती बाटलीच." आणि ताट उचलून आत गेली.

कशाबरोबर काय जातं ते बाटलीवर छापतात. कुणासमोर काय जात नाही, ते छापत नाहीत.

पुतण्याने मुकाट्याने बूच लावलं. मी पेला मोरीत ओतला आणि आईचं ताट बाहेर आणलं. मागोमाग ती आली. वहिनींनी तांब्याभर ताक आणलं. गार, किंचित आंबट, अल्कोहोल शून्य टक्के. तिखटाशी ताळा पहिल्या घोटाला जुळला. सवयीने मी तांब्याची पाठ वाचली. तिथे आजोबांचं नाव कोरलेलं होतं. शिफारस काही नव्हती. ओळखीच्या खातेदाराला ती लागतही नाही.