वाटवर्णनाचे वाङ्मय आणि त्याची कसोटी

मराठीतील गिरिभ्रमणविषयक लेखनाची चर्चा बहुधा निसर्गवर्णन आणि इतिहासप्रेम या दोन अंगांनी होते. तथापि डोंगरमाथ्यापर्यंत अनोळखी वाचकाला नेऊ पाहणारा मजकूर हा प्रथमतः वाटेचे वर्णन होय, आणि त्याच निकषावर त्याची परीक्षा झाली पाहिजे. येथील चूक ही केवळ शैलीची चूक ठरत नाही. पावसाळी धुक्यात ती वाचकाच्या जिवावर बेतू शकते.

या लेखनप्रकाराचे मूळ मराठीत बरेच जुने आहे. चौदाव्या शतकातील मानली जाणारी व डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली महानुभावीय ‘स्थानपोथी’ श्रीचक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने गाव, दिशा व देवळाच्या दाराचे तोंड यांच्या आधारे सांगते. तिच्यात अलंकरण जवळजवळ नाही. मागून येणाऱ्या भाविकास स्थान निश्चित ओळखता यावे, एवढाच तिचा हेतू आहे. आणि त्या हेतूतूनच तिच्या गद्याचा नेमकेपणा निर्माण झाला आहे.

आधुनिक काळात हा हेतू दुभंगलेला दिसतो. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’त दुर्गाविषयीचे प्रेम उत्कट आहे, परंतु तेथे वाट लेखकाच्या अनुभवाची वाहक बनते, वाचकाची मार्गदर्शक नव्हे. हा त्या ग्रंथाचा दोष नव्हे, तो त्याचा प्रकारभेद आहे. उलट आनंद पाळंदे यांचे ‘डोंगरयात्रा’ वाटेलाच प्रधान विषय मानते. स्थानपोथीचा खरा वारसा या दुसऱ्या प्रकाराकडे जातो, असे म्हणावे लागेल.

मात्र नेमके वर्णनही तटस्थ असतेच असे नाही, कारण प्रत्येक वाट कोठून तरी सुरू होते. हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घ्यावे. १४२४ मीटर उंचीच्या या गडावर खिरेश्वरहून टोलार खिंडीने जाता येते. बेलपाड्याकडून अवघड अशी नळीची वाट आहे. आणि पाचनईहून तुलनेने सुलभ चढण आहे. पुण्या-मुंबईच्या प्रवाशास खिरेश्वर स्वाभाविक वाटते. परभणीहून निघणाऱ्यास मात्र संगमनेर, अकोले, राजूर या क्रमाने पाचनईच सरळ पडते. अर्थात ‘मुख्य वाट’ हा शब्द भूगोलाइतकाच लेखकाच्या गावावरही अवलंबून असतो. ज्या पुस्तकात हे गृहीत उघड केलेले नसते, ते मराठवाड्यातील वाचकास अर्धेच उपयोगी पडते.

दुसरे गृहीत उंचीचे आहे. परभणी जिल्ह्यात उत्तुंग शिखर नाही. उत्तरेस जिंतूरच्या टेकड्या व दक्षिणेस गंगाखेडकडील बालाघाटाचे फाटे, एवढाच येथील डोंगर. परंतु जिंतूरजवळील नेमगिरीवर लहान दारांची जैन गुंफामंदिरे आहेत आणि तेथील वाट यात्रेकरूंच्या पायांनी टिकून राहिली आहे. उंचीलाच मूल्य मानणाऱ्या लेखनात अशा स्थळास जागा मिळत नाही. स्थानपोथीच्या कर्त्यास मात्र ती दिली असती, कारण त्याच्या दृष्टीने स्थानाचे महत्त्व तेथे जाणाऱ्याच्या प्रयोजनात होते.

म्हणून वाटवर्णनाच्या समीक्षेने तीन प्रश्न विचारावेत: आरंभस्थान कोणाच्या सोयीचे आहे; खुणा टिकाऊ आहेत की ऋतुमानाने पालटणाऱ्या; आणि पाहिलेले व ऐकलेले यांतील भेद लेखकाने राखला आहे काय. या प्रश्नांना उतरणारे गद्य साधे असले, तरी ते वाङ्मयीन प्रामाणिकपणाचा उत्तम नमुना ठरते.