चार टक्के लोकांच्या हृदयातलं डिलीशन: एक पेपर पुन्हा वाचताना

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एकाने जेनेटिक टेस्टचा रिपोर्ट पाठवला आणि विचारलं, "हे वाचून घाबरायचं का?" रिपोर्टमध्ये होतं एमवायबीपीसी3 जीनमधलं 25 बेस-पेअरचं डिलीशन. तुम्ही कार्डिओमायोपथीवर काम करायचं ठरवलंत तर हे डिलीशन तुम्हाला भेटणारच. म्हणून त्यामागचा मूळ पेपर आज जरा चिकित्सकपणे वाचू.

2009, नेचर जेनेटिक्स. धंदपाणी, थंगराज आणि सहकारी. हा जीन हृदयाच्या स्नायूच्या आकुंचनात भाग घेणारं एक प्रोटीन बनवतो. डिलीशन आहे इंट्रॉन 32 मध्ये, आणि त्यामुळे एक्सॉन 33 गाळला जाऊ शकतो. भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत ते सापडलं. पहिल्या अभ्यासात ऑड्स रेशो 5.3, रेप्लिकेशनमध्ये 8.59, एकत्रित 6.99. शिवाय पेशींवरचे प्रयोगही आहेत. पेपर मेहनतीचा आहे, यात वाद नाही. मी पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये तो सादर केला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही.

पण एक साधा हिशोब तेव्हा कुणी केला नाही. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी ढोबळमानाने 500 त एकाला, म्हणजे 0.2 टक्के. डिलीशन बाळगणारे 4 टक्के, म्हणजे वीसपट! म्हणजे बाळगणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही, हे त्याच आकड्यांत दडलेलं होतं. ऑड्स रेशो सात आहे म्हणून समोरच्या माणसाचा धोका किती, हे त्यातून थेट कळत नाही. रेप्लिकेशनचा कॉन्फिडन्स इंटरव्हलही बघा: 3.19 ते 25.05. एवढ्या रुंद दारातून हत्तीसुद्धा जाईल.

खरी गंमत पुढे आहे. जीनोमचे शेजारी तुकडे एकत्रच वारशाने येतात. मग रुग्णांत डिलीशन जास्त दिसलं, तर दोषी तेच की त्याच्या शेजारी बसलेला दुसरा कुणी? 2020 मध्ये हार्पर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. डिलीशन असलेल्या काही हॅप्लोटाइपवर, इंट्रॉन 13 मध्ये, एक दुर्मिळ आणि खरोखर घातक बदल निघाला. हायपरट्रॉफिक रुग्णांतलं डिलीशनचं जास्तीचं प्रमाण मुख्यतः त्याच्यामुळे होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं.

कुटुंबाच्या पुराव्यानेही इथे फसायला होतं. रुग्णापासून सुरुवात करून नातेवाईक तपासले, की दोन्ही बदल जोडीनेच दिसतात, आणि तुम्ही शोधत असता एकच.

डिलीशन अगदीच निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणत नाही. 2018 मध्ये जामा कार्डिऑलॉजीत अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांवर एक अभ्यास आला, त्यात डिलीशनसोबत डी389व्ही हा बदलही असलेल्या लोकांचा गट वेगळा काढलाय. म्हणजे "डिलीशनवाले" हा एक गट नाहीच.

माझा मूळ पेपरवरचा आक्षेप त्याच्या शेवटच्या वाक्यावर आहे. या शोधामुळे धोक्यातल्या लोकांना ओळखून समुपदेशन करता येईल, असं तिथे सुचवलंय. 4 टक्के म्हणजे आपल्याकडे काही कोटी माणसं. संबंध सापडला होता, कारण नव्हे. आणि तेवढ्यावर इतक्या लोकांना सल्ला देण्याची भाषा घाईची होती.

त्या रिपोर्टवाल्याला मी विचारलं, इंट्रॉन 13 बघितलाय का? त्याने तीनदा पानं चाळली. उल्लेखच नव्हता.