'गैरवर्तन' हा शब्द आणि प्राङ्न्याय

धर्मशास्त्रकारांनी प्रतिवादीच्या उत्तराचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'प्राङ्न्याय' हा एक होय. याच वादात वादी पूर्वी हरलेला आहे, एवढे प्रतिवादीने सिद्ध केले की वाद खुंटला. परंतु 'हाच वाद' हे ठरवावयाचे कसे? वादाची एकता पुष्कळदा शब्दाच्या एकतेवरून अनुमानिली जाते, आणि येथे भाषेच्या अभ्यासकाला बोलणे प्राप्त आहे. अमेरिकेतील बेकारी-भत्त्याचे निवाडे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

तेथे कामगाराला 'गैरवर्तना'मुळे काढले असल्यास भत्ता नाकारला जातो. विस्कॉन्सिन राज्याच्या कायद्यात या शब्दाची व्याख्या नव्हती. ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली बॉयन्टन कॅब कंपनीच्या खटल्यात केली. मालकाच्या हिताची बुद्धिपुरस्सर उपेक्षा म्हणजे गैरवर्तन; नुसती अकार्यक्षमता किंवा प्रामाणिकपणे झालेली चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे. पुढे अनेक राज्यांनी हीच व्याख्या उचलली. ती संकुचित ठेवण्यात कामगाराचे हित होते यात शंका नाही. पण अर्थ जितका संकुचित, तितका तो लागू झाल्यावर आरोप जड. भत्त्याच्या दारात जी व्याख्या ढाल होती, तीच दुसऱ्या न्यायालयात कामगारावर उलटू शकते, याकडे टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

न्यूयॉर्क टेलिफोन कंपनीविरुद्धचा १९८४ चा खटला पाहावा. कंपनीची मालमत्ता नेताना पाहिल्यावरून एका तंत्रज्ञाला अटक झाली व नोकरीवरून काढण्यात आले. फौजदारी आरोप न्यायहितार्थ रद्द झाले; भत्ता मात्र गैरवर्तनाच्या कारणाने नाकारला गेला. त्याने बेकायदा अटक, द्वेषमूलक खटला, बदनामी व अन्याय्य बडतर्फी यांबद्दल दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले : परवानगीवाचून वस्तू नेल्याचे भत्त्याच्या सुनावणीत ठरून गेले आहे, तो प्रश्न पुन्हा उघडता येणार नाही. हा शुद्ध प्राङ्न्यायच.

तर्कात दोष नाही. दोष आहे तो 'ठरले' या क्रियापदाला प्रसंगापासून तोडण्यात. भत्त्याचा निर्णय झटपट व्हावा, अशीच त्या व्यवस्थेची अपेक्षा आहे. कॅलिफोर्नियाच्या एका प्रकरणात संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली त्वरित देयतेवरच भर दिला होता. काही आठवड्यांच्या निर्वाहापुरते जेथे बोलावयाचे, तेथे मनुष्य आपली सारी अब्रू पणाला लागली आहे असे समजून बोलत नाही; पुष्कळदा वकीलही नेत नाही.

१९८७ साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला : अशा निवाड्यातील निष्कर्षाला अन्य कार्यवाहीत प्रतिबंधक परिणाम नाही. कॅलिफोर्नियाचे कलम याहून पुढे जाते. निष्कर्ष बंधनकारक नाही, आणि कामगार-मालकांमधील नंतरच्या दाव्यात तो पुरावा म्हणूनही वापरता येणार नाही, असे ते सांगते. पहिल्या वाक्यात जे मौन आहे, ते दुसऱ्यात नाही. आमच्या मते दुसरी शब्दयोजना अधिक सावध आहे. तथापि दोन्ही कलमांची भाषा निर्णायकाच्या निष्कर्षाविषयीच आहे. कामगाराने शपथेवर उच्चारलेली वाक्ये निष्कर्ष नव्हेत. नंतरच्या दाव्यात ती वापरता येतात की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.