ऊन पाण्याची नावे आणि मुळाचा शोध

नावांवरून मूळ शोधणे हा आपल्याकडचा जुना आणि लोकप्रिय छंद आहे. आडनाव किंवा गावाचे नाव घ्यायचे, त्याची व्युत्पत्ती लावायची आणि तिथून थेट पूर्वजांच्या दाराशी जाऊन उभे राहायचे, अशी या लेखनाची ठरलेली वाट. या वाटेवरची शेवटची उडी मला नेहमीच संशयास्पद वाटत आली आहे. ती तपासण्यासाठी मी येथे गरम पाण्याच्या झऱ्यांची नावे घेतो, कारण त्यांच्या अर्थाविषयी फारसा वाद नाही. अर्थ पक्का असूनही त्यातून वंश हाती लागत नसेल, तर दोष शब्दाचा नव्हे, पद्धतीचा म्हणावा लागेल.

संस्कृत ‘उष्ण’चे प्राकृतात ‘उण्ह’ झाले आणि मराठीत ‘ऊन’. ‘तृष्णा’ची ‘तण्हा’ आणि मग ‘तहान’ झाली, तीच ही चाल. आज ऊन म्हणजे सूर्याचा ताप. पण ‘ऊन ऊन भात’ म्हणताना जुना अर्थ अजून जिभेवर असतो. हाच शब्द राजापूरजवळच्या उन्हाळे गावात आहे, दापोली तालुक्यातल्या उन्हवरे गावात आहे, पालीजवळच्या उन्हेरे गावात आहे. खानदेशात चोपडा तालुक्यात उनपदेव, तर नांदेड जिल्ह्यात किनवटकडे उनकेश्वर. या सर्व ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत.

पण उलट बाजूही पाहिली पाहिजे. संगमेश्वर तालुक्यातल्या तुरळ, राजवाडी आणि आरवली येथेही असे झरे आहेत. त्यांच्या नावांत ऊन नाही. तानसा नदीकाठच्या अकलोली आणि गणेशपुरीचेही तसेच. म्हणजे झरा असला की नाव पडतेच असे नाही. उलट दिशेनेही घाई नको. ‘उन्हाळे’ हे आडनावही आहे. पण ते झऱ्याकाठच्या गावावरून आले की उन्हाळा या ऋतूवरून, हे केवळ शब्द सांगत नाही. गावाला ‘कर’ लागून झालेले आडनाव तर फक्त गाव सांगते. एकाच गावचे ब्राह्मण, मराठा आणि कोकणी मुसलमान तेच ‘कर’ लावू शकतात. त्यांना जोडते ती माती, रक्त नव्हे.

कथांचेही असेच आहे. उनपदेव आणि उनकेश्वर या एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दोन्ही ठिकाणी शरभंग ऋषी आणि रामाचा बाण यांची कथा सांगतात. बाण जमिनीत शिरला, ऊन पाणी वर आले आणि ऋषींची व्याधी गेली. खरे ठिकाण कोणते, असा प्रश्न भाविक विचारत नाहीत. अभ्यासकाने तरी का विचारावा?

आमच्या नाशिक जिल्ह्यातला सुरगाणा ओलांडला की डांग लागतो आणि त्यापलीकडे वांसदा तालुक्यातले उनाई. तिथेही गरम कुंड आहे, तिथेही रामाचा बाण आहे. सीता त्या पाण्यात न्हाली आणि म्हणाली, ‘हूं नाही’, म्हणजे ‘मी न्हाले’. त्यावरून उनाई, अशी तिथली लोकव्युत्पत्ती. मराठी कानाला हा नकार वाटेल! भाषाशास्त्र सांगेल की गुजरातीतही गरम म्हणजे ‘ऊनुं’, तेव्हा सीतेला मध्ये आणायचे कारण नाही. ते बरोबरच आहे. पण लोकव्युत्पत्तीला चूक म्हणून टाकून दिले की एक पुरावा हातचा जातो. हे नाव कोणत्या भाषेच्या कानांनी ऐकले गेले, हे तीच सांगते.

या पट्ट्यात राहणाऱ्या कोकणा आदिवासींकडे पाहिले की प्रश्न पुस्तकी उरत नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुरगाणा, पेठ, कळवणकडची माणसे कामाला येतात. ‘कोकणी’ म्हटले की शहरी ऐकणाऱ्याला रत्नागिरी आठवते. त्यांच्यातही पूर्वज कोकणातून वर आल्याची परंपरा सांगितली जाते. पण बोली मराठी आणि गुजरातीच्या मधोमध उभी आहे. १९६० साली डांग गुजरातेत गेला आणि एकाच समाजाच्या दोन बाजूंना दोन राज्यभाषा आल्या. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘कोकणा, कोकणी, कुकणा’ अशी तिन्ही रूपे शेजारी शेजारी छापलेली आहेत. यादीने जे सामावून घेतले, ते जातपडताळणीच्या टेबलावर नेहमीच सामावले जाते असे नाही. शाळेच्या जुन्या दाखल्यातले एक अक्षर तिथे माणसाचे मूळ ठरवते. नाव म्हणजेच वंश, या समजुतीची किंमत कोण मोजतो, ते येथे दिसते.

राजवाड्यांनी ग्रामनामांवरून महाराष्ट्राचा वसाहतकाल मांडला. त्यांची नजर संस्कृताकडे होती. विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’मध्ये तमिळकडे बोट दाखवले. दोघांनीही नावांना पुरावा मानले, हे त्यांचे आपल्यावरचे ऋण. पण दोन्हीकडच्या अनुयायांनी मात्र एकाच मुळाचा हट्ट धरला. इंग्लंडमधल्या बाथ येथील ऊन झऱ्यावर स्थानिक देवता सुलिस होती. रोमन आले, त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडले आणि ‘सुलिस मिनर्व्हा’ हे जोडनाव रूढ झाले. त्यातली खरी कोणती, हा प्रश्नच गैरलागू आहे. खरे आहे ते जोडणे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: स्थलनाम हा वंशावळीचा कागद नसून भेटीगाठींची नोंद आहे. कोण कोणाजवळ राहिले, कोणी कोणाचे पाणी वापरले, कोणाचा शब्द कोणाच्या तोंडी बसला, हे त्यातून कळते. आडनावांवर आणि गावनावांवर लिहिणाऱ्यांनी ‘आपण मूळचे कोण’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवून ‘आपण कोणाकोणाबरोबर राहिलो’ असे विचारले, तर उत्तरे अधिक मिळतील आणि कोणाच्या दाखल्याला धक्काही लागणार नाही.