शून्य दशांश तीन मिनिटे
वैद्यकीय भौतिकीच्या प्रशिक्षणाविषयी काही विचार

०.३ मिनिट म्हणजे किती सेकंद? आठवीच्या वर्गात हा प्रश्न विचारला तर 'अठरा' असे उत्तर देणारे बरेच हात वर होतील. पण 'तीस' म्हणणारेही दोन-चार जण निघतील. आपण त्यांच्या वहीवर तांबडी फुली मारतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

हीच चूक १९९६ साली कोस्टारिका देशातील सॅन होजे शहरातल्या एका रुग्णालयात झाली. कर्करोगावर उपचार करणाऱ्या कोबाल्ट यंत्रातील किरणोत्सारी स्रोत जुना झाल्याने बदलला गेला. नव्या स्रोतापासून मिनिटाला किती किरणमात्रा मिळते हे मोजताना ०.३ मिनिट हा काळ ३० सेकंद समजला गेला. अठरा सेकंदांत मिळालेली मात्रा तीस सेकंदांची मानल्यामुळे स्रोत होता त्यापेक्षा दुबळा ठरला. ही कल्पित कसर भरून काढण्यासाठी प्रत्येक रुग्णाला यंत्राखाली जास्त वेळ ठेवले गेले. सुमारे महिनाभर हे चालले. ११५ रुग्णांना ठरवल्यापेक्षा साधारण ५० ते ६० टक्के अधिक मात्रा मिळाली. अनेकांना गंभीर इजा झाल्या, काही दगावले.

यंत्र बिघडले नव्हते आणि डॉक्टरांचे निदानही चुकले नव्हते. चुकले ते मोजमाप. रुग्णालयात मोजमापाची ही जबाबदारी ज्याच्यावर असते तो वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ. त्याला आपल्याकडे कसे घडवले जाते आणि त्या घडणीत काय उणे आहे, याचा विचार येथे करायचा आहे.

पाच टक्क्यांचा हिशेब

रुग्णाला किती किरणमात्रा द्यायची हे डॉक्टर ठरवतात. तेवढीच मात्रा, ठरलेल्या जागी, खरोखर पोचते आहे ना, हे भौतिकतज्ज्ञ पाहतो. यात पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू नये, असा दंडक आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७६ पासून मानला जातो.

पाच टक्के म्हणजे किती थोडे, ते व्यस्त वर्गाच्या नियमाने सहज दिसते. स्रोतापासून रुग्णाची त्वचा ८० सेंटिमीटरवर असायला हवी, पण ती ८२ सेंटिमीटरवर राहिली, तर ८० भागिले ८२ याचा वर्ग ०.९५ येतो. दोन सेंटिमीटरच्या चुकीत सगळी सवलत संपली! कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे, म्हणजे स्रोत दर महिन्याला सुमारे एक टक्क्याने क्षीण होतो. गेल्या वर्षीचा आकडा यंदा वापरला तर रुग्णाला १२ टक्के कमी मात्रा मिळेल.

कमी मात्रेची चूक तर अधिक फसवी. त्वचा भाजत नाही, तक्रार येत नाही; गाठ मात्र पुरती मरत नाही. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट येथे १९८२ ते १९९१ या काळात अंतराची दुरुस्ती दोनदा केली जात होती. संगणक ती आधीच करत असे आणि माणसे ती पुन्हा हाताने करत. सुमारे एक हजार रुग्णांना कमी मात्रा मिळाली आणि नऊ वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही.

येथे शिक्षकांना परिचित असलेला एक भेद आठवावा. रुग्णाला झोपवताना आज थोडे डावीकडे, उद्या थोडे उजवीकडे झाले, तर अशा यादृच्छिक चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात. प्रमाणीकरणातील चूक पद्धतशीर असते. ती रोज, प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत, एकाच दिशेने होते. शंभर वाचनांची सरासरी काढूनही ती जात नाही. दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या साधनाने, पहिल्याचे उत्तर न बघता मोजले तरच ती सापडते.

प्रशिक्षणाची चौकट

आपल्या देशात या विषयाचे पद्धतशीर शिक्षण १९६२ साली ट्रॉम्बे येथे सुरू झाले. आज भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने एक वर्षाची पदव्युत्तर पदविका सुरू केली. भौतिकीत एम्. एस्सी. झालेल्यांना तेथे प्रवेश मिळतो. पुढे काही विद्यापीठांनी वैद्यकीय भौतिकीची स्वतंत्र पदव्युत्तर पदवीही काढली. मार्ग कोणताही असो, त्यानंतर मान्यताप्राप्त उपचार विभागात ज्येष्ठांच्या हाताखाली एक वर्षाची उमेदवारी करावी लागते. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची तशी अट आहे.

ही चौकट चांगली आहे, हे आधी मोकळेपणाने म्हटले पाहिजे. ती घाईने माणसे तयार करत नाही. केवळ पदवीच्या कागदावर कोणाला रुग्णाच्या यंत्राजवळ जाऊ देत नाही. भौतिकीचा पाया, मग किरणांचे खास ज्ञान आणि मग प्रत्यक्ष काम, हा क्रम योग्यच आहे. आठ-दहा महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या इतर अभ्यासक्रमांच्या गर्दीत हा कडकपणा जपायला हवा.

उणीव कोठे आहे?

पहिली उणीव उमेदवारीच्या वर्षात आहे. या काळात काय शिकायला मिळेल, हे त्या विभागात कोणती यंत्रे आहेत आणि ज्येष्ठांना शिकवायला किती सवड आहे यावर अवलंबून असते. रुग्णांची रांग मोठी असेल तर उमेदवार हा कामाला आणखी एक हात ठरतो. तो रोजचे आकडे भरायला शिकतो, आकड्यावर शंका घ्यायला शिकतोच असे नाही. वर्ष पुरे झाले म्हणजे शिक्षण पुरे झाले असे धरणे बरोबर नाही. उमेदवाराने किती प्रमाणीकरणे स्वतंत्रपणे केली आणि इतरांच्या किती चुका शोधल्या, याचीही नोंद व्हायला हवी.

दुसरी उणीव अंतराची आणि माहितीची. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्याचे उदाहरण घ्या. मलकापूर किंवा शेगाव स्थानकावर मुंबईची गाडी धरून टाटा रुग्णालयात जाणारी माणसे त्याने पाहिलेली असतात. कोणी अकोल्याला, कोणी नागपूरला, कोणी छत्रपती संभाजीनगरला 'शेक' घ्यायला जाते. मात्र त्या शेकाच्या खोलीमागे भौतिकी शिकलेला एक माणूस बसलेला असतो, हे त्याला कोणी सांगत नाही. बारावीला वैद्यकीय प्रवेश हुकला की तो निराश मनाने बी. एस्सी.ला जातो. एम्. एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कोणाकडून तरी पदविकेचे नाव कळते, तोवर पदवीचे गुण ठरून गेलेले असतात. बारावीनंतर एकूण सात वर्षांची ही वाट आहे. तिची पहिली पाटी सातव्या मैलावर लावून काय उपयोग?

तिसरी उणीव सर्वांत खोल आहे आणि तिचे माप ट्रॉम्बेच्या नव्हे, आपल्या पदरात पडते. प्रवेशाच्या वेळी पदव्यांचे गुण पाहता येतात, परीक्षेत गणिते घालता येतात. पण हा विद्यार्थी न जुळणारे वाचन खोडतो की जपून ठेवतो, हे कोणती लेखी परीक्षा सांगणार? आपल्या प्रयोगशाळांतून काय चालते ते आपणांस ठाऊक आहे. लंबकाच्या प्रयोगात 'जी'ची किंमत ९.८ यायलाच हवी, म्हणून विद्यार्थी उत्तराकडून वाचनांकडे उलटा प्रवास करतो. जर्नल गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरते. स्वच्छ तक्ता आणि अचूक उत्तर पाहून आपण पूर्ण गुण देतो. बारा-पंधरा वर्षे अशी सवय लागलेल्या मुलाला एका वर्षाची पदविका मोजमापातील प्रामाणिकपणा शिकवील, ही अपेक्षा अवाजवी आहे.

खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅमची तूट कोणी गिऱ्हाईक सहन करणार नाही. शंका आली तर ते शेजारच्या पेढीवर जाऊन पुन्हा वजन करून घेईल. यंत्राखाली झोपलेल्या रुग्णाला ती सोय नाही. त्याच्या वतीने दुसरे वजन भौतिकतज्ज्ञांनाच करावे लागते.

वर्गात करता येण्याजोगे

यासाठी नवीन उपकरणांची गरज नाही. एकाच लंबकाचा आवर्तकाल दोन गटांना वेगवेगळा मोजायला सांगावा. एकाने दुसऱ्याची वही पाहायची नाही. उत्तरे जुळली नाहीत तर खोडरबर बाजूला ठेवून कारण शोधावे. कोणी वीस आंदोलनांऐवजी एकोणीस मोजली असतील, कोणी दोरीची लांबी गोळ्याच्या वरपर्यंतच घेतली असेल. ज्याला स्वतःची चूक सापडली आणि ज्याने ती लिहून ठेवली, त्याला गुण द्यावेत. अंधाऱ्या खोलीत एक दिवा आणि प्रकाशमापक असेल तर व्यस्त वर्गाचा नियमही तपासता येईल. तेव्हा ८० आणि ८२ सेंटिमीटरची गोष्ट जरूर सांगावी.

आणि उद्या वर्गात गेल्यावर ०.३ मिनिट म्हणजे किती सेकंद, हे एकदा विचारून पाहावे. 'तीस' म्हणणाऱ्या मुलाला हसू नये. त्याचे उत्तर त्याच्या शेजारच्याकडून तपासून घ्यावे, आणि मग दोघांनाही सॅन होजेची हकीकत सांगावी.