चित्रपटाची संहिता आणि तिचे जतन

हस्तलिखितांचा संपादक उपलब्ध पोथ्या पडताळून पाठनिश्चिती करतो. चित्रपटाच्या बाबतीत हे दायित्व संग्रहालयाकडे येते. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे मोल याच कसोटीवर ठरविले पाहिजे.

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चार रिळांच्या चित्रपटाचे पहिले व शेवटचे रीळ तेवढे तेथे शिल्लक आहे. ही रिळे मूळ चित्रणाची की १९१७ मधील पुनर्चित्रणाची, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘आलम आरा’ची (१९३१) तर एकही प्रत ज्ञात नाही. उलट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) टिकून राहिल्यामुळे आरंभीच्या मराठी बोलपटातील उच्चार व स्वराघात भाषाभ्यासकास प्रत्यक्ष ऐकावयास मिळतात. छापील संवादांवरून हे ज्ञान होणे अशक्यच.

नायट्रेटची फीत ज्वालाग्राही असते. २००३ मध्ये पुण्यातील आगीत अशा अनेक फिती नष्ट झाल्या. नव्या माध्यमात प्रत उतरविणे म्हणूनच अनिवार्य ठरते. तथापि प्रत म्हणजे मूळ नव्हे.

२०१९ साली मुंबईत राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय खुले झाले. त्यामुळे हा वारसा सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीस आला, हे इष्टच होय. परंतु प्रदर्शनाचा मोह खंडितास अखंड भासविण्याकडे झुकतो. कोणता अंश मूळ, कोणता प्रतीवरून घेतलेला व कोणता संशयित, हे जेथे नोंदविले जाते, तेथेच वारसा ज्ञानाचे साधन होतो. अन्यथा तो केवळ स्मरणोत्सव ठरतो.